जुनी पर्स, जुने चामडे आणि आपले हात

आमच्या आत्याची एक चामडी पर्स माझ्याकडे आहे. तपकिरी रंगाची, दोन बंदांची, तोंडाला पितळी कडी असलेली. आत्या १९६४ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली आणि साठवलेल्या पगारातून तिने ती घेतली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, जन्मभर डोक्यावर पाटी वाहिली होती. खांद्याला पर्स लावून नोकरीवर जाणारी आमच्या वस्तीतली आत्या ही पहिली बाई. ती पर्स घेऊन निघाली तेव्हा पारावरचे कोणी तरी म्हणाले, "शिकली, पण चामडं काही सुटलं नाही." त्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंची पर्सही चामड्याचीच होती. तिच्याविषयी पारावर कधी शब्द निघाला नाही.

आत्या गेल्यानंतर ती पर्स लोखंडी पेटीत सापडली. अंगावर पांढरी बुरशी, एका बंदाची शिवण उसवलेली, कडा फुटलेल्या, कडीभोवती हिरवा मळ. आमचे आजोबा गावच्या मोटा शिवत. वडील कारकून झाले, मी मास्तर झालो. रापी आणि आरी घरातून कधीच गेली होती. मी मला सुचले ते केले: पर्सला भरपूर खोबरेल चोपडले आणि दिवसभर कडक उन्हात ठेवली. संध्याकाळी ती काळपट, चिकट आणि वाकडी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन बसस्थानकासमोर बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी पर्स हातात घेतली, वास घेतला, बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, ही काय पुरी हाय व्हय तेलात सोडायला? चामड्याला तेल लागतं, पर थोडं लागतं. आन् उसवलेला टाका तेलानं सांधत नाय." मग हातातले काम बाजूला ठेवून त्यांनी मला तासभर शिकवले. त्यांच्याकडून, आणि पुढे वाचून व स्वतः करून जे समजले, ते येथे मांडतो. घरातल्या जुन्या पर्सला आणि पिशवीला त्याचा उपयोग होईलच. पण ज्या ज्ञानाला आपल्या समाजाने आधी विटाळ ठरवले आणि आता छंद ठरवायला निघाला आहे, ते ज्ञान नेमके काय आहे हेही त्यातून ध्यानात यावे, अशी इच्छा आहे.

चामडे म्हणजे काय

जनावराच्या अंगावरून काढले ते कातडे आणि कमावले ते चामडे. कातडे नुसते ठेवले तर कुजते, नुसते वाळवले तर पत्र्यासारखे ताठ होते. ते कुजू नये आणि वळावे, यासाठी त्यावर जी प्रक्रिया करतात तिला मराठीत 'कमावणे' म्हणतात. पैसा कमावतात, शरीर कमावतात, तसे चामडे कमावतात. कष्टाने मिळवणे आणि कष्टाने घडवणे हे दोन्ही अर्थ या एका क्रियापदात आहेत.

कातड्यात प्रथिनाच्या बारीक तंतूंचे दाट जाळे असते. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करतात, मांस खरवडतात, चुना धुऊन काढतात. नंतर बाभळीची साल, हिरडा किंवा तरवडाची साल यांच्या अर्कात ते कित्येक दिवस मुरवतात. या वनस्पतींतले तुरट द्रव्य तंतूंना जाऊन चिकटते, म्हणून ते कुजत नाहीत. शेवटी तेल देतात, त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडे मऊ राहते. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ याने तिचे पेटंट घेतले. तिने दिवसांचे काम तासांवर आले आणि आज जगातले बहुतेक चामडे याच पद्धतीने कमावले जाते.

म्हणजे येथे रसायनशास्त्र आहे, वनस्पतींची ओळख आहे, ऋतूंचा आणि पाण्याचा अंदाज आहे. आपल्या गावगाड्यात हे शास्त्र कोणाच्या हाती होते? प्रदेशागणिक थोडा फरक सोडला तर चित्र असे होते: मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोराने कमावायचे, त्याची मोट आणि पायताण चांभाराने शिवायचे, मोटेचा नाडा मांगाने वळायचा. एका मोटेत चार जाती राबत होत्या. त्या मोटेचे पाणी पाटलाच्या मळ्यात चाले आणि मोट शिवणाऱ्याला विहिरीला शिवता येत नसे. शिवाय या चारांतही वरखाली होतेच. चांभार ढोराला आपल्याहून कमी लेखी आणि दोघेही महार-मांगांपासून अंतर राखत. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे, असे दाखवून दिले. त्याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. जुन्या मोटेचा इतिहास पुरेसा आहे.

आधी ओळखावे

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे वस्तू ओळखणे. फाटलेली कड पाहावी. आत तंतू दिसले तर चामडे, विणलेले कापड दिसले तर रेक्झिन. रेक्झिनचा थर एकदा सोलू लागला की कोणतेही मलम त्याला जोडू शकत नाही. चामड्याचा भुगा चिकटवून तयार केलेला मालही बाजारात असतो. त्याच्या कडेला लांब तंतू दिसत नाहीत आणि तो खपल्यांनी सुटतो. त्याच्यावर कष्ट घेऊ नयेत.

चामडेच असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला, न दिसेल अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब मुरून जागा गडद झाली तर चामडे उघडे आहे. ते डागही लवकर धरते आणि तेलही लवकर पिते. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा लेप आहे. तेथे तेल फारसे आत जाणार नाही.

मग बोट फिरवावे. बोटाला लालसर भुकटी लागली तर थांबावे. झाडांच्या सालीने कमावलेल्या चामड्याला हा रोग होतो. हवेतले गंधकाचे धूर आणि आम्ले यांनी तंतूच तुटत जातात. गॅसचे दिवे जळणाऱ्या इंग्लंडमधल्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या चामडी बांधण्या अशाच झडू लागल्या, तेव्हा तेथे एक समिती नेमली गेली आणि १९०१ साली तिचा अहवाल आला. तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. वस्तुसंग्रहालयांतले तज्ज्ञ अशा चामड्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या विशिष्ट सेल्युलोजचा पातळ हात देऊन भुकटी जागच्या जागी धरून ठेवतात. घरी आपण त्याला तेल पाजू नये. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे.

साफसफाई

पर्स रिकामी करून अस्तर बाहेर ओढावे आणि कोरड्या मऊ ब्रशने शिवणींतली धूळ काढावी. बुरशी असेल तर हे काम घराबाहेर, नाकाला फडके बांधून करावे आणि ते फडके व ब्रश नंतर धुवावेत. मग सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि त्या ओलसर कापडाने पुसावे. डाग आहे तेवढीच जागा पुसली तर तेथे पाण्याचे कडे उमटते, म्हणून एक बाजू घेतली की ती शिवणीपासून शिवणीपर्यंत पुरी पुसावी.

कपड्यांचा साबण आणि सोडा लावू नये. चामडे स्वभावाने आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आले की तुरट द्रव्याची पकड सैल होते आणि रंग काळवंडतो. कडीवरचा हिरवा मळ म्हणजे चामड्यातले तेल आणि पितळेतले तांबे यांचा संयोग. तो लाकडी काडीने आणि कोरड्या कापडाने खरवडून निघतो. तांब्याच्या भांड्यासारखा चिंचेचा कोळ लावला तर कडी चकाकेल, पण भोवतीच्या चामड्याला डाग पडेल.

पुसलेली पर्स सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. आत जुन्या सुती कपड्याचा बोळा भरावा, म्हणजे आकार राहतो. ऊन, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र यांच्या जवळ नेऊ नये. ओले चामडे गरम झाले की तंतू आखडतात आणि ते आखडणे परत फिरत नाही. माझ्या हातून आत्याची पर्स वाकडी झाली ती याच अज्ञानाने.

अमेरिकेत जुन्या हँडबॅगा साबणाच्या पाण्यात बुडवून धुण्याची चाल शौकिनांत आहे. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'कोच' कंपनीच्या जुन्या बॅगांवर ती विशेष चालते. त्या बॅगा जाड चामड्याच्या, पुष्कळदा बिनअस्तराच्या असतात, म्हणून कित्येकदा निभावतात. आपल्याकडच्या पर्सच्या आत पुठ्ठा असतो, खळ असते, अस्तर असते. पुठ्ठा भिजला की पर्सचा आकार गेला. ही नक्कल आपण करू नये.

तेल किती, कोणते

चामडे पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दोन दिवसांनी, तेलाचा विचार करावा. जवसाचे तेल हवेने घट्ट आणि चिकट होते. खोबरेल थंडीत गोठते आणि कधी पांढऱ्या थराने वर येते. पुष्कळदा तीच बुरशी समजून लोक पुन्हा तेल चोळतात. मेण आणि लोकरीची चरबी असलेले, रंग नसलेले चामड्याचे मलम मिळते, ते बरे. हरभऱ्याएवढे मलम कापडावर घेऊन एका बाजूला पातळ चोळावे, रात्रभर ठेवावे, सकाळी कोरड्या कापडाने घासावे. चामडे अजून ताठ वाटले तर दुसरा पातळ हात. जास्त तेलाने चामडे सैल पडते, धूळ धरते आणि शिवणीतला दोरा कुजवते. माझ्यासारखे जास्त झाले असेल तर कोरड्या कापडात गुंडाळून आठवडाभर ठेवावे, कापड बदलत राहावे. थोडे तेल कापड ओढून घेते, सगळे नाही.

टाका

उसवलेली शिवण हे घरी शिकण्यासारखे सर्वांत चांगले काम. मुख्य नियम एकच: जुन्याच भोकांतून शिवायचे. नवी भोके पाडली तर भोकांची रांग टपालाच्या तिकिटासारखी होते आणि तेथूनच चामडे फाटते. भोक बुजले असेल तर आरीचे टोक हलके घालून मोकळे करावे.

शिवणीच्या चौपट लांबीचा जाड दोरा घ्यावा, त्याला मेण ओढावे आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवावी. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्यावा. मग प्रत्येक भोकातून एक सुई इकडून तिकडे आणि दुसरी तिकडून इकडे काढावी. दोन्ही दोरे सारखे ओढावेत, चामडे चुणणार नाही इतकेच. शेवटी दोन-तीन भोके मागे येऊन दोरा कापावा. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना नुसते अडकलेले असतात. एक तुटला की ओळ उसवत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एक दोरा झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. मोटेला, जोड्याला हाच टाका लागे, कारण मळ्यात मोट फुटली की पाणी थांबे आणि शिवणारा बोलणी खाई.

बंदच तुटला असेल तर आतल्या बाजूने चामड्याची पट्टी लावावी. तिच्या कडा रापीने छिलून पातळ कराव्यात, नाही तर उंचवटा येतो आणि तेथेच पुन्हा मोडते. सोल्यूशनने चिकटवून मग शिवावे. ज्या बंदावर वजन यायचे तो नुसत्या चिकटवण्यावर सोडू नये. रापीची धार आपल्याकडे नव्हे तर आपल्यापासून दूर चालवावी आणि पहिले दहा तुकडे टाकाऊ चामड्यावर करावेत. फुटलेल्या कडा बारीक पॉलिशपेपरने घासून, किंचित ओलसर करून गुळगुळीत लाकडाने चोळल्या की बसतात. रंग शेवटी द्यावा, तोही उडाला आहे तेवढ्याच ठिकाणी आणि मूळ छटेपेक्षा किंचित फिका. गडद करणे केव्हाही हातात असते, फिका करणे नसते.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. जुन्या उशीचा अभ्रा उत्तम. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून वारा द्यावा.

प्रश्न कामाचा नाही, सक्तीचा आहे

हे सारे करताना माझ्या मनात एक खटका होता. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत मांस आणि गुरे ओढणे सोडण्याचा संदेश दिला. खेडोपाडी लोकांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण ती कामे टाकली. आमच्या वडिलांनी रापी खाली ठेवली ती याच स्वाभिमानाने. मग मी ती पुन्हा हातात का घ्यावी?

मला सापडलेले उत्तर असे. वडिलांनी टाकली ती सक्ती. बलुत्याच्या पसाभर धान्यावर, हाक मारली की धावत जाऊन, शिव्या ऐकत शिवण्याची सक्ती. ती टाकलीच पाहिजे होती आणि पुन्हा कोणी आपल्या गळ्यात घालू पाहील तर पुन्हा टाकली पाहिजे. 'पारंपरिक कला जपा' असा उपदेश आपल्या मुलांना करणारे स्वतःच्या मुलांना आरी देत नाहीत, हे आपण विसरू नये. पण सक्ती टाकताना त्यासोबत एक ज्ञानही घराबाहेर गेले, आणि ते ज्ञान हलके होते म्हणून गेले अशी समजूत आपल्याच मनात राहिली. ही समजूत पारावरच्या त्या वाक्याची आहे. ती आपण का सांभाळावी?

आज या कामाचे काय चालले आहे ते पाहा. अमेरिकेत जुनी हँडबॅग नीट करणे हा सुशिक्षितांचा छंद आहे. 'कोच' कंपनी २०२१ पासून स्वतःच्या जुन्या बॅगा परत घेऊन, दुरुस्त करून विकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२५ मध्ये इटलीच्या 'प्राडा'ने मिलानच्या मंचावर तशीच पादत्राणे कोल्हापूरचे नावही न घेता मांडली. ओरड झाल्यावर कंपनीने ते ऋण मान्य केले. दुसरीकडे, ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उन्याजवळच्या मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर झोडपले गेले. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कातड्यावर पोट असणाऱ्यांना त्या वेळी कोणी काय विचारले? कातडे उतरवणाऱ्याला चाबूक, शिवणाऱ्याला चिल्लर आणि दुकानात मांडणाऱ्याला किंमत, अशी ही वाटणी आहे. जितके कातड्याच्या जवळ, तितका मान कमी.

म्हणून माझे सांगणे एवढेच. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे काम एकदा स्वतः करून पाहावे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले होतात, तेथे दोन सुयांचा टाका का शिकवू नये? तो सर्व जातींच्या मुलांना शिकवावा, एकाच वस्तीतल्या मुलांना नव्हे. आणि ज्याला करता येत नाही त्याने कारागिराकडे जावे, पण दहा इंच टाक्यांना किती वेळ लागतो हे ठाऊक असताना घासाघीस करू नये. मी स्वतः पहिली दहा इंचांची शिवण घातली तेव्हा मला दोन तास लागले, बोटांना फोड आले. बसस्थानकासमोरच्या त्या मामांनी ती पाहिली. म्हणाले, "चालंल. तिसरा टाका सैल हाय." मी त्या तासाभराच्या शिकवणीचे पैसे पुढे केले तेव्हा ते आधी नको म्हणाले. मी म्हणालो, "मामा, मी वर्गात शिकवतो त्याचा पगार घेतो." मग त्यांनी घेतले.

आत्याची पर्स पूर्वीसारखी झालेली नाही. खोबरेलाचा काळा डाग तसाच आहे, एक बाजू अजून थोडी वाकडी आहे. पण बंद आता ओढ धरतात. माझी मुलगी महाविद्यालयात जाताना ती वापरते. मागच्या महिन्यात तिला कोणी तरी विचारले, "ही जुनी पर्स कुठून आणलीस, फार सुंदर आहे." तिने सांगितले, "माझ्या आत्याआजीची. ती शिक्षिका होती. आणि आम्ही चांभार आहोत, बाबांनी घरीच शिवली."

आणि तिसरा टाका मी पुन्हा घातला.